खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीसाठी वेगनियंत्रित पंपाची निवड

कोकण किनाऱ्यावर परसातील जोडधंदा म्हणून शोभिवंत सागरी मासे वाढविण्यास चांगला वाव आहे. क्लाउन माशाचे प्रजनन व त्याच्या पिलांचे संगोपन बंदिस्त पाण्यात करण्याचे तंत्र केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने सिद्ध केले आहे. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतही परसातील शोभिवंत मत्स्यसंगोपन घटकांना अर्थसाहाय्याची तरतूद करण्यात आली. पांढऱ्या पट्ट्यांचा हा नारिंगी मासा थोड्या जागेत वाढतो आणि त्याला समुद्रफुलाची सोबत असलीच पाहिजे असेही नाही. तथापि, गोड्या पाण्यातील मासे पाळण्याचा सराव असलेल्या मत्स्यपालकास येथे एक गोष्ट नव्याने शिकावी लागते. ती म्हणजे पाणी रात्रंदिवस फिरते ठेवणे.

याचे कारण सोपे आहे. २७ अंश सेल्सिअस तापमानाच्या गोड्या पाण्यात दर लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. त्याच तापमानाच्या समुद्राच्या पाण्यात तो सुमारे साडेसहा मिलिग्रॅमच मावतो. म्हणजे खाऱ्या पाण्यात प्राणवायूची शिल्लक मुळातच कमी असते. त्यातून टाकीत माशांची दाटी असेल आणि मध्यरात्री पंप बंद पडला, तर सकाळपर्यंत अनेक महिन्यांचे श्रम वाया जाऊ शकतात. म्हणून काच, दिवे किंवा सजावट यांवर खर्च करण्याआधी पंपाची निवड विचारपूर्वक करणे अगत्याचे आहे.

परतीच्या पंपाचे कार्य

खाऱ्या पाण्याच्या व्यवस्थेत सामान्यतः दोन टाक्या असतात. वरच्या टाकीत मासे राहतात. तिच्या काठाजवळच्या सांडव्यातून पाणी नळावाटे खालच्या टाकीत उतरते. तेथे गाळ अडविला जातो, फेस काढणारे साधन पाण्यातील सेंद्रिय घाण वेगळी करते आणि सच्छिद्र माध्यमावर वाढलेले जिवाणू माशांच्या विष्ठेतून निघणाऱ्या अमोनियाचे रूपांतर तुलनेने कमी घातक द्रव्यांत करतात. शुद्ध झालेले हे पाणी पुन्हा वर पोचविणारा जो पंप, त्यास परतीचा पंप म्हणतात.

सांडव्यातून खाली येणारे पाणी आणि पंपाने वर जाणारे पाणी सारखेच असते. पंप मंदावला की खालच्या टाकीतील शुद्धीकरणही मंदावते. पंप थांबला की जिवाणूंना मिळणारा प्राणवायू तुटतो आणि काही तासांनी तेही मरू लागतात. टाकीतल्या टाकीत लाटा उठविणारे छोटे पंप निराळे. ते पाणी हलवितात, परंतु गाळणीपर्यंत नेत नाहीत. एकाचे काम दुसऱ्याकडून होईल अशी अपेक्षा करू नये.

प्रवाह किती असावा

परतीच्या पंपाने दर तासाला वरच्या टाकीतील पाण्याच्या तीन ते पाच पट पाणी फिरवावे, असा सर्वसाधारण ठोकताळा आहे. उदाहरणार्थ, १५० सेंटिमीटर लांब व ६० सेंटिमीटर रुंद टाकीत ५५ सेंटिमीटर पाणी भरल्यास ते ४९५ लिटर, म्हणजे सुमारे ५०० लिटर होते. पाच पटीने तासाला २,५०० लिटर प्रवाह लागेल. यापेक्षा पुष्कळ अधिक पाणी फिरविल्याने लाभ वाढतोच असे नाही. सांडव्याचा आवाज वाढतो, पाण्यात बारीक बुडबुडे मिसळतात आणि वीज मात्र जास्त जळते.

अंड्यातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पिलांना हा प्रवाह सोसत नाही. त्यांच्या टाक्या पहिले काही आठवडे वेगळ्या व शांत ठेवाव्या लागतात. पुढे ती या व्यवस्थेत सोडली तरी आरंभी प्रवाह हलका ठेवून मासे वाढतील तसा तो वाढविणे हितावह असते. वेग कमीअधिक करता येणाऱ्या पंपाचा पहिला उपयोग येथे होतो.

खोक्यावरील आकडा व प्रत्यक्ष मिळणारे पाणी

विहिरीवर पंप बसविणाऱ्या शेतकऱ्यास हे चांगले ठाऊक असते की, पाणी जितके उंच चढवावे तितके ते कमी मिळते. मत्स्यटाकीच्या पंपालाही हाच नियम लागू आहे. खोक्यावर ‘तासाला ५,००० लिटर’ असे छापलेले असते, ते पाणी मुळीच उंच न चढविता मिळणारे असते. त्याच खोक्यावर ‘४ मीटर उंची’ असेही लिहिलेले असते. परंतु त्या उंचीला पंपातून पाण्याचा एक थेंबही बाहेर पडत नाही. हे दोन्ही आकडे दोन टोकांचे आहेत आणि मत्स्यपालकाचे काम या दोहोंच्या मध्ये कोठे तरी चालते. म्हणून कोणत्या उंचीला किती पाणी मिळते, हे दाखविणारा आलेख पाहिल्यावाचून पंप विकत घेऊ नये. असा आलेख ज्या पंपासोबत मिळत नाही, तो पंप स्वस्त असला तरी टाळावा.

उंची मोजताना ती खालच्या टाकीतील पाण्याच्या पातळीपासून वरच्या टाकीतील पाण्याच्या पातळीपर्यंत धरावी. पंप पाण्यात किती खोल बुडालेला आहे, याला महत्त्व नाही. वरील उदाहरणात टाकीखालील घोडा १०५ सेंटिमीटर उंच असून खालच्या टाकीत २० सेंटिमीटर पाणी आहे असे मानल्यास, १०५ अधिक ५५ वजा २० म्हणजे १४० सेंटिमीटर, अर्थात १.४ मीटर उंची होते.

यात नळातील घर्षणाची भर पडते. ती नळाच्या आतील व्यासावर फार अवलंबून असते. ३ मीटर लांबीचा नळ, त्यावर तीन काटकोनी एल्बो आणि तासाला २,५०० लिटर प्रवाह असा हिशेब केल्यास, ३२ मिलिमीटर व्यासाच्या नळात घर्षणामुळे सुमारे पाव मीटर उंची वाया जाते. २५ मिलिमीटरच्या नळात ती सुमारे पाऊण मीटर होते, तर २० मिलिमीटरच्या नळात पावणेदोन मीटरच्याही वर जाते. म्हणजे ३२ मिलिमीटरच्या नळाने पंपास एकूण सुमारे १.६५ मीटर चढाव पडेल, तर २० मिलिमीटरच्या नळाने तो सव्वातीन मीटरच्या घरात जाईल. नळाच्या किमतीत थोडीशी बचत करून त्यापायी मोठा पंप घेणे हा आतबट्ट्याचा व्यवहार होय. पंपाच्या तोंडापेक्षा अरुंद नळ कधीही जोडू नये. शक्य तर एक माप रुंदच घ्यावा.

वेगनियंत्रण म्हणजे काय

साध्या ए.सी. पंपाची मोटर बहुधा विजेच्या ५० आवर्तनांशी बांधलेली असते. तिचा वेग ठरलेला असतो. असा पंप छताच्या पंख्याच्या रेग्युलेटरवर लावून हळू चालविण्याचा प्रयत्न करू नये. त्याने वेग नीट बदलत नाही आणि मोटर तापून बिघडू शकते. त्याचा प्रवाह कमी करावयाचा झाल्यास पाणी बाहेर सोडणाऱ्या नळावरील बॉल व्हॉल्व्ह थोडा आवळावा. पाणी ओढणारी बाजू मात्र केव्हाही आवळू नये.

वेगनियंत्रित पंप सामान्यतः २४ व्होल्टच्या डी.सी. विजेवर चालतो. भिंतीवरील वीज एका अडॅप्टरमधून कमी दाबाची होऊन नियंत्रकात येते आणि नियंत्रक मोटरीचा वेग ठरवितो. बटण दाबून वेग बदलता येतो, चारा घालताना पंप दहा मिनिटे थांबविता येतो, आणि काही नियंत्रकांत पाणी संपल्यास पंप आपोआप बंद होण्याची सोय असते.

परंतु नियंत्रकावरील टक्केवारी म्हणजे पाण्याची टक्केवारी नव्हे, हे पक्के ध्यानात ठेवले पाहिजे. वेग निम्मा केला की पंपाची पाणी चढविण्याची शक्ती निम्मी होत नाही, ती चौथाईवर येते. कारण चढाव वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. पूर्ण वेगाने ४ मीटर चढविणारा पंप ८० टक्के वेगाने सुमारे २.५६ मीटर, ७० टक्के वेगाने १.९६ मीटर, ६० टक्के वेगाने १.४४ मीटर आणि ५० टक्के वेगाने केवळ १ मीटर चढवू शकतो.

हे आकडे उदाहरणातील टाकीला लावून पाहावे. तासाला ५,००० लिटर व ४ मीटर असे छापलेला पंप ३२ मिलिमीटरच्या नळावर पूर्ण वेगाने चालविला, तर ढोबळ हिशेबाने तासाला सुमारे ३,६०० लिटर पाणी देईल. ८० टक्के वेगावर ते सुमारे २,४०० लिटर होईल, म्हणजे गरजेइतके. ७० टक्क्यांवर ते १,७०० लिटरच्या आसपास येईल. ६० टक्क्यांवर मात्र १.४ मीटर उंची गाठता गाठताच पंपाची सारी शक्ती संपेल आणि नळातून जेमतेम धार पडेल. ५० टक्क्यांवर मोटर फिरत राहील, दिवा लागलेला दिसेल, परंतु वर पाणी येणार नाही. नवखा मत्स्यपालक वीज वाचविण्यासाठी वेग ‘निम्मा’ करून झोपी जातो आणि नेमका येथेच फसतो. यास्तव नवा पंप बसविल्यावर प्रत्येक वेगाला खरोखर किती पाणी मिळते, ते बादली व घड्याळ घेऊन एकदा मोजावे. १० लिटरची बादली १५ सेकंदांत भरली, तर तो प्रवाह तासाला २,४०० लिटर असतो. ही मोजणी नळाचे तोंड टाकीच्या पाण्याच्या पातळीलाच धरून करावी. ज्या वेगाच्या खाली पाणी तुटते, तो वेग नियंत्रकाजवळ चिठ्ठीवर लिहून ठेवावा.

यावरून निवडीचा नियम असा निघतो : आपल्या टाकीचा पूर्ण चढाव लक्षात घेऊन, हवे तेवढे पाणी जो पंप साधारण ७५ ते ८० टक्के वेगाने देईल, तो पंप घ्यावा. पूर्ण वेगाने धावूनच गरज भागविणारा पंप घेतल्यास, पंख्यावर थर चढून तो मंदावू लागला की भरून काढण्यास वाव राहत नाही. याउलट ५० टक्के वेगानेच गरज भागविणारा फार मोठा पंप म्हणजे पैशाचा अपव्यय होय.

विजेचा खर्च व पाण्याची उष्णता

पंपास लागणारी वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात घटते. त्यामुळे वेग थोडा कमी केल्यानेही वीज बरीच वाचते. ६० वॅटचा पंप पूर्ण वेगाने अहोरात्र चालल्यास दिवसाला १.४४ युनिट, म्हणजे ३० दिवसांना ४३.२ युनिट वीज खातो. तोच ८० टक्के वेगाने, नियंत्रकातील नुकसान धरून, सुमारे ३५ वॅट घेतो असे मानल्यास महिन्याला २५.२ युनिट पुरतात. वर्षाकाठी ही बचत सुमारे २१९ युनिटांची होते. ज्याच्याकडे अशा चारपाच टाक्या आहेत, त्याने स्थानिक वीजदराने हा हिशेब करून पाहावा आणि साध्या व वेगनियंत्रित पंपांच्या किमतीतील फरक किती वर्षांत भरून निघतो, ते ठरवावे.

याचा आणखी एक लाभ आहे. पाण्यात बुडालेल्या पंपाची उष्णता पाण्यातच उतरते. क्लाउन माशास २६ ते २८ अंश तापमान मानवते. कोकणातील एप्रिल-मे महिन्यांत बंद खोलीतील पाणी त्याच्या वर सहज जाते. अशा दिवसांत कमी वॅटचा पंप म्हणजे पाण्याखालची एक लहान शेगडी विझविल्यासारखेच आहे.

वीज गेली असता

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर आदळले, तेव्हा अनेक गावांत दीर्घकाळ वीज नव्हती. किनाऱ्यावर मासे पाळणाऱ्याने वीज जाणारच असे गृहीत धरून व्यवस्था केली पाहिजे.

पहिला धोका उलट वाहणाऱ्या पाण्याचा. पंप थांबताच परतीच्या नळातून वरच्या टाकीतील पाणी खाली उतरू लागते आणि नळाचे तोंड उघडे पडेपर्यंत उतरत राहते. उदाहरणातील टाकीत पाण्याची पातळी १ सेंटिमीटर उतरली की ९ लिटर पाणी खाली येते. नळाचे तोंड ४ सेंटिमीटर बुडालेले असेल, तर ३६ लिटर पाणी उतरेल. त्यात नळ व सांडव्यातील सुमारे १० लिटर मिळवावे. खालची टाकी ७५ सेंटिमीटर लांब व ४५ सेंटिमीटर रुंद असल्यास एवढ्या पाण्याने तिची पातळी सुमारे १४ सेंटिमीटर वाढेल. तितकी जागा मोकळी नसेल, तर खारे पाणी जमिनीवर सांडेल आणि वीज परत आल्यावर पंपास पाणी अपुरे पडेल. म्हणून पंप चालू असताना खालच्या टाकीत काठापासून निदान १५ सेंटिमीटर जागा रिकामी राहील, अशी खूण रंगाने करून ठेवावी. नळाला पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली लहान छिद्र पाडल्यास तेथून हवा शिरून प्रवाह लवकर तुटतो. मात्र ते छिद्र शेवाळाने बुजणार नाही याची काळजी घ्यावी. केवळ नॉन-रिटर्न व्हॉल्व्हवर भिस्त ठेवू नये. त्यात चुनखडी किंवा शंखशिंपले अडकले की तो पूर्ण मिटत नाही.

दुसरा प्रश्न बॅटरीचा. घरगुती इन्व्हर्टरवरील १२ व्होल्ट व १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीत कागदोपत्री १,८०० वॅट-तास वीज असते. बॅटरीचे आयुष्य टिकावे म्हणून त्यातील निम्मीच वापरावी आणि इन्व्हर्टरमधील नुकसान वजा करावे, म्हणजे सुमारे ७२० वॅट-तास हाती राहतात. ६० वॅटचा पंप त्यावर १२ तास चालेल. ३५ वॅटवर आणलेला पंप सुमारे २० तास चालेल. बॅटरी जुनी असल्यास हे तास कमी होतात. वेगनियंत्रित पंप थेट बॅटरीस जोडावयाचा झाल्यास तशी सोय निर्मात्याने दिलेली असेल तरच जोडावा. कारण भारित होत असलेल्या दोन १२ व्होल्टच्या बॅटऱ्यांचा एकत्रित दाब २४ व्होल्टपेक्षा बराच वर जातो. याखेरीज बॅटरीवर चालणारा एक छोटा हवेचा पंप जवळ असावाच. सर्व उपाय थकले तरी तो माशांना प्राणवायू पुरवीत राहतो.

तिसरी परीक्षा दुकानातच करून घ्यावी. पंप चालू असताना वीज बंद करून पुन्हा द्यावी आणि तो आपोआप पूर्वीच्या वेगाने सुरू होतो की नाही, ते पाहावे. वीज परत आल्यावर बटण दाबल्यावाचून जो पंप सुरू होत नाही, तो मध्यरात्री कामास येणार नाही.

खाऱ्या पाण्यास टिकणारी बनावट

विहिरीवरील बिडाचा पंप या कामी निरुपयोगी आहे. मीठ बिडास खाऊन टाकते; पितळ व तांबे यांचा अंश पाण्यात उतरल्यास तो कोळंबी, प्रवाळ व समुद्रफूल यांना विषारी ठरतो आणि माशांनाही अपाय करतो. साधे स्टेनलेस पोलादही समुद्राच्या पाण्यात गंजते. पंपाचे वेष्टन व पंखा प्लास्टिकचा, आस चिनी मातीसारख्या सिरॅमिकचा आणि मोटर राळेत पूर्णपणे बंद केलेली असावी. पाण्यास लागणारा एकही धातूचा स्क्रू नसावा. पंप हत्याराशिवाय उघडता येतो की नाही आणि पंखा व आस सुटे विकत मिळतात की नाही, हे आवर्जून विचारावे.

नियंत्रक हा या व्यवस्थेतील नाजूक भाग होय. मोटर सुस्थितीत असताना नियंत्रक किंवा अडॅप्टर निकामी होणे हे पुष्कळदा घडते. तो खालच्या टाकीच्या कपाटात, जेथे खारी वाफ कोंडते तेथे न ठेवता बाहेर भिंतीवर, पाण्याच्या पातळीहून उंच बसवावा. विजेच्या दाबातील चढउतार व पावसाळ्यातील गडगडाट यांपासून त्याचे रक्षण करणारे साधन जोडावे. अडॅप्टर व नियंत्रक यांचा एक जादा संच, अथवा ते परवडत नसल्यास त्याच नळावर बसेल असा एक साधा ए.सी. पंप, घरी राखून ठेवावा. बिघाड झाल्यावर शहरातून सुटा भाग येईपर्यंत मासे थांबत नाहीत.

विजेच्या जोडणीत अर्थिंग असावे व ३० मिलिअँपिअरला तुटणारा आर.सी.सी.बी. बसवावा. प्रत्येक तारेस बोर्डाच्या खाली झोळ ठेवावा, म्हणजे तारेवरून ओघळणारे खारे थेंब बोर्डात न जाता खाली पडतील. टाकीत हात घालण्यापूर्वी वीज बंद करण्याची सवय घरातील सर्वांनी लावून घ्यावी.

देखभाल

बाष्पीभवनाने पाणी उडते, मीठ उडत नाही; आणि ही घट पंप असलेल्या कप्प्यातच दिसून येते. तेथील पातळी फार उतरल्यास पंप हवा ओढू लागतो. यास्तव रोज खुणेपर्यंत गोडे पाणी घालावे, खारे घालू नये. दर तीन महिन्यांनी पंप उघडून पंखा व आस पातळ व्हिनेगरमध्ये काही तास भिजत ठेवाव्यात. चुन्याचा थर मऊ पडला की मऊ ब्रशने घासून गोड्या पाण्याने स्वच्छ धुवाव्यात. त्यानंतर पुन्हा बादली लावून प्रवाह मोजावा. त्याच वेगाला पाणी पूर्वीपेक्षा कमी मिळत असेल, तर दोष नळात आहे की पंख्यात, ते शोधावे.

सारांश, पंप घेण्यास निघण्यापूर्वी मत्स्यपालकाने चार आकडे कागदावर लिहून घ्यावेत : टाकीतील पाणी, तासाला हवा असलेला प्रवाह, पाण्याच्या दोन पातळ्यांमधील उंची आणि नळाचा व्यास व लांबी. दुकानदाराच्या शिफारशीपेक्षा आणि खोक्यावरील मोठ्या अक्षरांपेक्षा हा कागद अधिक विश्वसनीय सल्लागार ठरतो. त्याच्या आधारे निवडलेला, मोजून चालविलेला आणि वेळच्या वेळी स्वच्छ केलेला पंप मत्स्यपालकाची रात्रीची चिंता पुष्कळ अंशी दूर करील व या जोडधंद्याचा पाया भक्कम होईल.